मानसिंगरावांचं लॉगिन

डेटाबेस सुस्त का पडला, हे शोधताना माणूस कसा झिजतो ते घरच्यांना सांगून कळत नाही. "एवढं काय, बंद करून चालू कर ना," अल्पना फोनवर म्हणायची. आम्ही देवासचे, पण मी कितीतरी दिवस धारला, बसस्टँडामागच्या एका गोदाम कंपनीच्या ऑफिसात अडकलो होतो. कुक्षी आणि बदनावरची गोदामं याच नेटवर्कवर चालायची. गेटपासचं बटण दाबलं की पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहायचं आणि तिकडे सोयाबीनचे ट्रक फाटकात उभे.

"श्रीपाद भिया, हे ठीक झाल्याशिवाय जायचं नाही. फिर आराम से जा," मालक भैयासाहेबांनी गोड बोलून बजावलं होतं.

घरी श्रिया, आमची चिमुरडी. आधी अल्पनाच्या हातातून फोन हिसकावून घ्यायची, आता बोलावूनही येत नव्हती. ते मला फार लागलं होतं. मला फक्त घरी जायचं होतं.

स्विच बदलला, केबली तपासल्या, इंडेक्स नव्यानं बांधले. शेवटी सापडलं. एक कनेक्शन साठ्याची नोंद धरून बसलं होतं आणि बाकी सगळे त्याच्यामागे रांगेत. नाव मानसिंगराव, जागा कोपऱ्यातला कॉम्प्युटर.

नावाचं नवल नव्हतं. मानसिंगराव इथले हेडक्लार्क, वारल्याला वर्ष होऊन गेलं. पण त्यांच्या लॉगिनला सगळे अधिकार, म्हणून नवीन बनवायचा आळस करत अख्खं ऑफिस त्यांच्याच नावानं काम करत होतं. नवल कॉम्प्युटरचं होतं. त्याची नेटवर्कची केबल निघून खाली पडली होती आणि तिच्यावर कोळिष्टक चढलं होतं.

कनेक्शन तोडलं. ट्रक हलले. पाणी पिऊन येतो तर ते पुन्हा हजर.

"त्यांचंही असंच व्हायचं," शेजारच्या टेबलावरून विद्युल्लताबाई म्हणाल्या. "रिटायर झाले तरी सोडलं नाही त्यांना. रोज म्हणायचे, घरी जातो, नातू वाट बघतोय. भैयासाहेब म्हणायचे, बस, इतनी एन्ट्री करून जा. त्या खुर्चीतच गेले."

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. मी फक्त थकलो होतो. केबल लावली आणि खुर्ची ओढली.

"बसू नका हो तिथं," बाई हळूच म्हणाल्या. "उभ्यानंच करा."

पाठ भरून आली होती. बसलो. खुर्ची कोमट लागली. मानसिंगरावांचं खातं कायमचं बंद केलं आणि त्यांची अर्धवट राहिलेली नोंद माझ्या लॉगिननं पुरी केली.

चक्र थांबलं. कुक्षीहून फोन आला, गेटपास धडाधड निघताहेत. भैयासाहेब जेवायला गेले होते, त्यांची वाटही न बघता मी बॅग उचलली. इंदूरला बस बदलून उन्हं उतरायच्या आत घरी पोचलो.

श्रिया दारात आली, माझ्याकडे बघितलं आणि आईमागे लपली.

"रुसलीये," अल्पना म्हणाली. मला वाईट वाटलं.

चहा घेत होतो, तेवढ्यात भैयासाहेबांचा फोन.

"भिया, तुमचा चार्जर राहिला इथं. गाडी मिळाली का?"

"मी देवासला आहे, भैयासाहेब. केव्हाच पोचलो."

ते हसले. "मजाक सोडा. आत्ता तर उठलात खुर्चीवरून. दुपारपासून मान वर केली नाही. मीच म्हटलं, बस करो, घरी जा, बच्ची वाट बघत असेल."

"मग मी काय म्हणालो?"

"काही नाही. हसलात आणि निघालात."

मी फोन खाली ठेवला.

श्रिया गॅलरीत जाऊन रस्त्याकडे बघत उभी होती.

"आत ये गं," अल्पनानं हाक मारली. "बाबा आलेत ना?"

श्रियानं वळून मला नीट बघितलं.

"नाही," ती म्हणाली. "बाबा अजून बसमध्ये आहेत."