बोटभर वरची रेघ

मी बाता मारतो हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. त्यामुळे ही खरी गोष्ट सांगायची पंचाईत.

काम साधं होतं. शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंच्या आतल्या खोलीची चौकट खालून कुजली होती. मी बोट खुपसून म्हटलं, "हे लाकूड आहे की भिजलेलं बिस्कीट? नवी बसवू."

"नवी नको, काका."

चौकटीवर पेन्सिलीच्या आठ रेघा होत्या. मुलाची उंची, दर वाढदिवसाला एक. आठव्या रेघेनंतर महिन्याभरात तो तापानं गेला. त्या गोष्टीला बारा वर्षं झाली.

"आता तेवढाच उरलाय तो माझ्याकडे," बाई म्हणाल्या.

मग इपॉक्सी, कुजकं लाकूड जागेवरच घट्ट करायचा मसाला. कूज खरवडली, बारीक भोकं पाडून लाकडाला पातळ राळ पाजली. दुसऱ्या दिवशी दोन डब्यांतली पुट्टी सारखी घेऊन मळली आणि खड्डे भरले. मळताना ती हाताला कोमट लागते. वाळली की दगड.

तिसऱ्या दिवशी घासायला बसलो. आठव्या रेघेवर पुट्टीचा ओघळ वाळला होता. तो घासता घासता रेघच गेली. माप घेऊन ठेवलं नव्हतं. चाळीस वर्षं रंधा मारून असली चूक! बाई शाळेत होत्या. मी कानामागची जाड पेन्सिल काढली आणि अंदाजानं रेघ ओढली.

संध्याकाळी त्यांनी रेघेवर बोट टेकवलं. रोजच टेकवत असाव्यात.

"बोटभर वर आहे, काका."

"दमट हवा आहे. लाकूड फुगतं," मी ठोकून दिलं.

चौथ्या दिवशी रंग घेऊन गेलो, तर माझ्या रेघेच्या बोटभर वर आणखी एक. तशीच जाड. माझी पेन्सिल माझ्या कानामागे होती. म्हटलं, बाईंचंच काम. दुःखात माणूस काय काय करतं.

मग खाली लक्ष गेलं. वाळलेल्या पुट्टीत दोन लहान टाचांच्या खुणा रुतल्या होत्या. कुणी चौकटीला पाठ लावून ताठ उभं राहावं, तशा.

शेजारी खिळा टोचून बघितला. खिळा वाकला.

रंग लावायचा धीर होईना, आणि न जाताही राहवेना. आठवडाभर रोज गेलो. रेघा चढत होत्या, आता वीतवीतभर. टाचा रुंद होत होत्या.

शेवटी कबूल केलं. "बाई, आठवी रेघ माझ्या हातची. खोटी."

"मला पहिल्याच दिवशी कळलं." त्या खोलीकडे न बघता बोलत होत्या. "त्याला कुठे माहितीय?"

मी कानामागची पेन्सिल काढून खिशात टाकली.

"माझा आठ वर्षांचा होता, काका. हा कोण आहे? मला ओळखू येत नाही. पुसा ते."

मी माझ्या रेघेपासून सुरुवात केली. घासायचे तीन कागद झिजले. रेघ झिजली नाही. वरच्याही नाहीत.

सगळ्यांत वरची दाराच्या माथ्याला टेकली होती.

"हिच्या वर जागाच नाही," मी म्हटलं. "आता थांबेल."

"हळू बोला," बाई म्हणाल्या. "आता वाकून येतो."

मी माथ्याच्या खालच्या कडेवरून हात फिरवला.

मधोमध, डोकं घासावं तिथे, तेलाचा गोल डाग होता. कोमट.