ऑटर क्रीकवरची पांढरी रेघ

"अहो जिन्यावरचे! पाय जिथं आहेत तिथंच राहू द्या!"

मॅरेन खिडकीतून ओरडली. आधी खालून हाक मारायची, वरून "या" आलं की मग पायरी चढायची, ही जंगलातल्या आगीवर नजर ठेवणाऱ्या उंच चौकीची रीत अमेरिकेतल्या आयडाहोच्या डोंगरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. आणि हा बाबा शीळ घालत अर्ध्यावर पोचलासुद्धा!

"एक पाय हवेतच आहे," खालून आवाज आला. "तो कुठं ठेवू?"

तिला हसू आलं. हसू आलं म्हणून आणखीच राग आला.

वर आला तो उन्हानं रापलेला, केसांत पाइनच्या काड्या अडकलेला तरुण. नाव इमेट टॉलिव्हर. सोमवारी गुंडर्सनच्या आग विझवणाऱ्या टोळीत रुजू होणार होता. त्याआधी डोंगर बघावा म्हणून रात्री ऑटर क्रीक या ओढ्याच्या काठी राहून पहाटेच चढायला लागलेला. नव्वद वर्षांची ती लाकडी खोली, चारी बाजूंच्या काचा, मधोमध दिशा मोजायची नकाशाची गोल तबकडी... सगळं डोळे भरून पाहून झालं आणि तो म्हणाला, "चैन आहे बुवा तुमची! दिवसभर बाहेर बघत बसायचं आणि वर पगार."

झालं! मॅरेनचं डोकंच सटकलं.

"बघत बसायचं? बघता येतं का तुम्हाला? काय दिसतंय इथून, सांगा!"

"खरं सांगू?" तो तिच्याकडेच बघत होता. "नाकाच्या शेंड्याला पीठ लागलंय तुमच्या. छान दिसतंय."

तिनं नाक खसाखसा पुसलं. कान तापले होते – ते त्याला दिसू नयेत म्हणून ती गर्रकन खिडकीकडे वळली... आणि ऑटर क्रीकच्या वळणावर तिला पांढरी रेघ दिसली.

"रात्री शेकोटी कुठं केली होतीस?" रागात 'तुम्ही' गळून पडलं होतं.

"क्रीकच्या वळणावर. पण विझवली मी. भरपूर पाणी ओतलं, राखेत हात घालून बघितलं. गार होती."

"मग ते काय आहे? अस्वलं चहा करतायत?"

रात्री पावसाची सर येऊन गेली होती. अशा सकाळी ओल्या दरीतून वाफ उठते आणि ती थेट धुरासारखी दिसते. धूर बुडाशी चिकटून राहतो, वाफ सुटून वर जाते. म्हणून पाच मिनिटं बघायचं, मगच बोलायचं. हा धडा मॅरेननंच किती नवख्यांना दिला होता! पण आज तिला पाच मिनिटं धीर कुठला धरवतोय? तिनं तबकडीवरून दिशा घेतली आणि वायरलेस उचलला.

"ऑटर क्रीकला धूर. न विझवलेली शेकोटी. करणारा इथंच उभा आहे, इमेट टॉलिव्हर."

हे सगळ्या चौक्यांनी ऐकलं. कचेरीतली लोरेटा म्हणाली, "टोळ्या लांब आहेत गं. त्यालाच धाड विझवायला." आणि मागोमाग गुंडर्सनचा घोगरा आवाज आला, "ज्याला आपली शेकोटी विझवता येत नाही, त्याला मी जंगल विझवायला नेत नसतो. सोमवारी येऊ नको म्हणावं."

इमेटचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं कोपऱ्यातलं फावडं उचललं आणि धाडधाड जिना उतरून गेला.

दहाच मिनिटांत ती रेघ जमिनीपासून सुटली, वर तरंगली... आणि विरून गेली.

सात उन्हाळ्यांत मॅरेननं एकदाही खोटी खबर दिली नव्हती. तासाभरानं लोरेटानं विचारलं, "धूर आहे का गं अजून?"

"दिसत नाही," एवढंच ती बोलली. वाफ होती, हे काही तोंडातून बाहेर पडेना.

दुपारी जिन्याखालून हाक आली. "येऊ का वर?" त्या आवाजात थट्टेचा मागमूस नव्हता.

घामानं निथळत, कोपरापर्यंत काळे हात घेऊन तो दारात उभा राहिला. "गार राख! कालच्यासारखीच!"

"माहितीय. तू गेलास आणि दहा मिनिटांत कळलं मला."

"आणि गप्प बसलीस?"

"बसले! लाज वाटली मला!"

"माझी नोकरी गेली, बाई! चार वर्षं धडपडलो मी तिच्यासाठी!" त्यानं फावडं भिंतीला टेकवलं, पिशवी पाठीवर घट्ट केली. "तू सांभाळ तुझी अब्रू. जातो मी."

तो दोन पायऱ्या उतरला. आणि मॅरेनला स्वतःचाच असा संताप आला की तिनं वायरलेस जवळजवळ हिसकावलाच.

"सगळ्यांनी ऐका. ऑटर क्रीकला आग नव्हती, वाफ होती. टॉलिव्हरनं शेकोटी नीट विझवली होती. मी थांबले नाही, बघितलं नाही, आणि कळल्यावरही गप्प बसले. चूक माझी. नोकरी घ्यायची तर माझी घ्या."

मग लोरेटानं हळूच विचारलं, "आणि तो कुठाय गं आता?"

"जिन्यावर. चिडलाय माझ्यावर. चिडावंच त्यानं! पण..." तिनं जिन्याकडे पाहिलं. "त्यानं जाऊ नये असं मला वाटतंय."

बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं, हेही सगळ्या डोंगरानं ऐकलं.

वायरलेस खरखरला. "टॉलिव्हर," गुंडर्सन म्हणाला, "सोमवारी सहाला हजर राहा. आणि त्या पोरीला उत्तर दे लवकर, आम्ही सगळे कामं सोडून बसलोय."

इमेट दोन पायऱ्या चढून आत आला. तिच्या हातातला वायरलेस त्यानं काढून घेतला आणि बटण दाबलं.

"चिडलोय," तो म्हणाला. "फार चिडलोय."

आणि पाठीवरची पिशवी काढून त्यानं तिच्या खाटेपाशी ठेवली.