सिनेमात न घेतलेल्या जागा

"हे दार उघडत न्हाई का हो?"

ओट्यावर मेथी निवडत बसलेल्या प्रियदर्शनीनं मान वर केली. तिशीचा एक माणूस समोरचं निळं दार ढकलून बघत होता.

"कसं उघडेल? मागं भिंत आहे," ती हसली. "सिनेमावाल्यांनी नुसतं ठोकून दिलंय."

"अन् आतला तो जिना...?"

"तो मुंबईला, सेटवर."

दोन वर्षांपूर्वी मस्तगड भागातल्या त्या गल्लीत शूटिंग झालं, तेव्हापासून रविवारी लोक यायचे. तिला फोटो काढायला सांगायचे अन् हसत निघून जायचे. मग गल्ली सुनसान. आई गेल्यापासून प्रियदर्शनी एकटीच. ती शिक्षिका; शनिवारी शाळा सुटली, की सोमवारपर्यंत तिच्या तोंडून शब्द निघत नसे.

हा मात्र फोटो न काढताच ओट्याच्या कडेला टेकला. हरिओम, केदारखेड्याचा.

"पुण्यात नोकरीला होतो. खोलीत एकटा. एकदा थेटरात गेल्तो, तर पडद्यावर आपल्याकडचं मस्तगड! मला रडूच आलं. बाजूचा माणूस बघून राह्यला..."

"तिथं तर नाचाचं गाणं आहे!"

"तेच ना! सगळे टाळ्या वाजवून राह्यले, अन् मी रडून राह्यलो."

प्रियदर्शनी खळखळून हसली. किती दिवसांनी, तिचं तिलाच आठवेना. हरिओमनं पुढं सांगितलं, त्याच महिन्यात पुणं सोडलं, आता भोकरदनला पाण्याच्या मोटारींच्या रिवायंडिंगचं दुकान आहे.

पुढच्या रविवारी तो पुन्हा आला. नायिका सायकलवरून पडते तो कोपरा, ती अन् नायक भिजतात ती पायरी... प्रियदर्शनी दाखवत गेली. तिसऱ्या रविवारी ती थांबली.

"संपलं सगळं. आता काय दाखवू?"

"मंग..." तो दुसरीकडेच बघत म्हणाला, "सिनेमात न घेतलेलं दाखवा. तुमचं."

तिनं वडिलांची जुनी शाळा दाखवली. भाजीवालीशी आई भांडायची ती जागा दाखवली. अन् गल्लीच्या तोंडाशी आल्यावर तिचे पाय अडखळले.

"इथं आईला दवाखान्यात न्यायला रिक्षात बसवलं. 'गॅस बंद केला का गं?' एवढंच म्हणाली... परत आली नाही."

हरिओम नुसता शेजारी उभा राहिला, ती निघेपर्यंत.

ओट्यापाशी आल्यावर तो हळूच म्हणाला, "आता रविवारची वाट पाहून जमत न्हाई मला. रोज यावं वाटतं... कायमचं."

ती सरळ बोलली, "माझ्या घरात बुद्धाची मूर्ती आहे, बाबासाहेबांचा फोटो आहे. तुमच्या घरी चालेल?"

"दादा, म्हंजे माझे वडील, न्हाई म्हणतील."

"तर आधी घरी सांगा. लपूनछपून मला जमायचं नाही."

तो मान हलवून गेला. पुढचा रविवार कोरा गेला, त्याच्या पुढचाही. फोन नाही, निरोप नाही. पूर्वी एकटेपणाची सवय होती. आता तो रुतायला लागला. बाहेर जोडप्यांचं हसणं ऐकू आलं, की ती दार लावून घ्यायची. एवढं सरळ आपण कशाला बोललो, असंही वाटायचं... अन् बोललो तेच बराबर, असंही.

तिसऱ्या रविवारी भर दुपारी कडी वाजली. दारात हरिओम. अन् त्याच्यापुढं डोक्यावर पदर घेतलेली, उन्हानं लाल झालेली एक बाई.

"माय आहे माझी. गोजरबाई," तो म्हणाला.

"याचे दादा बोलेना झालेत घरात," गोजरबाईंनी आल्याआल्याच सांगितलं. "ते कधी बोलतील, मला ठाव न्हाई. पण मी आले."

गोजरबाई आत आल्या, चटईवर बसल्या, पदरानं घाम पुसला. भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो त्यांनी निरखून पाहिला. मग म्हणाल्या, "उभी काय पोरी? पाणी दे की. एवढ्या लांबून आले."

तिनं तांब्या पुढं केला. गोजरबाई घटाघटा प्यायल्या, दम घेतला अन् रिकामा तांब्या परत तिच्या हातात दिला.

"अजून आण," त्या म्हणाल्या.