कोणी खोकलं नाही

लंबूचं गाऱ्हाणं जुनंच होतं. गाडी धुक्यातून डोंगर चढत होती आणि मागच्या सीटवर आपल्या डबल बासला, माणसाएवढ्या त्या तंतुवाद्याला, कवटाळून बसलेला लंबू ते पुन्हा एकदा ऐकवत होता.

"सॅक्सोफोन वाजतो तेव्हा लोक श्वास रोखून ऐकतात. पियानोला माना डोलावतात. ड्रमला तर त्यांचे पायसुद्धा नाचतात. आणि माझा बास एकटा वाजायला लागला रे लागला, की सगळ्या सभागृहाला खोकला आठवतो!"

गाडी चालवणारा भाचा, म्हणजे त्यांचा ड्रमवाला, खो खो हसला. "पुढच्या वेळी तिकिटाबरोबर खोकल्याच्या गोळ्या वाटू, लंबूकाका."

पियानो वाजवणारी मामीही हसली, पण तिचा एक कान पुढच्या सीटकडे होता. तिथे मामा बसले होते, मांडीवर सॅक्सोफोनची पेटी घेऊन. भाच्यामुळे जॅझच्या वर्तुळात सगळेच त्या नवराबायकोला मामा-मामी म्हणत. गाडीनं वळण घेतलं की मामा खोकत. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, "छातीत आता जीव उरलेला नाही. ते वाद्य पेटीत ठेवा, नाहीतर एक दिवस वाजवता वाजवताच जाल." मामांनी लहान मुलासारखा हट्ट करून हा एक कार्यक्रम मागून घेतला होता. शेवटचा.

मामीनं होकार दिला, पण अट घालूनच. "तासाभरात आटपायचं. वन्स मोअर अजिबात नाही. मी स्वतःच्या डोक्यावर टिचकी मारली, की गुपचूप मूळ चालीवर यायचं."

ही टिचकी जॅझवाल्यांची नेहमीची खूण. प्रत्येकानं आपापलं मनसोक्त भटकून घेतलं, आता घरी चला, असा तिचा अर्थ.

"आणि नाही आलो तर?"

"तर मी पियानो सोडून उठेन."

"तू? वाजतं गाणं अर्धं टाकून?" मामा हसले आणि हसता हसता खोकत सुटले.

सभागृह डोंगरमाथ्यावर, एका बंद पडलेल्या इस्पितळाच्या आवारात होतं. राखणदारानं कुलूप काढलं. आत गारठा असा की पियानोच्या पट्ट्या बोटांना चावत होत्या. हीटर केव्हाच बिघडला होता. रंगमंचावर एकच मोठा दिवा होता, आणि कुठूनतरी फिनेलचा जुना, शिळा वास येत होता.

"एवढ्या धुक्यात लोक येतील का हो?" मामीनं विचारलं.

"येतात. इथले लोक फार दर्दी." राखणदारानं मफलर घट्ट केला आणि तो निघाला.

"तुम्ही नाही ऐकणार?"

"मी बाहेरच बरा."

पडदा सरकला तेव्हा सभागृह भरलेलं होतं. कधी भरलं ते कोणालाच कळलं नाही. ना पावलं वाजली होती, ना खुर्च्या. शाली, मफलर, कानटोप्या, आणि त्यांतून रंगमंचाकडे लागलेले शांत चेहरे. दिव्याच्या उजेडात मामीला पुढच्याच दोन-तीन रांगा नीट दिसत होत्या. पहिल्या रांगेत, अगदी समोर, राखी शाल पांघरलेली एक म्हातारी बसली होती.

मामांनी पहिला सूर फुंकला आणि सभागृह ऐकू लागलं.

मामीनं उभ्या आयुष्यात असं ऐकणं पाहिलं नव्हतं. एखादी हरकत नेमकी जिथे वळायची तिथेच समोरच्या माना वळायच्या. वाजवणाऱ्याचा एकट्याचा तुकडा संपला की टाळ्या यायच्या, हातमोजे घालून वाजवल्यासारख्या मऊ, पण क्षणभरही इकडेतिकडे नाही. भाच्यानं काठ्या ठेवून नुसत्या ब्रशनं झांजेवर पावसासारखी भुरभुर केली, तर ती सुद्धा शेवटच्या रांगेपर्यंत पोचल्याचं कळत होतं. वाजवणाऱ्याला आणखी काय हवं असतं? पोट भरल्यासारखं वाटलं तिला.

मग लंबूचा बास एकटा वाजू लागला. मामी सवयीनं खोकल्याची वाट पाहत राहिली.

कोणी खोकलं नाही. एकही खुर्ची करकरली नाही. बासच्या जाड तारेवरचा शेवटचा सूर अंधारात विरून जाईपर्यंत सगळ्यांनी तो ऐकला आणि मगच दाद दिली. लंबूचे डोळे भरून आले.

"मामी... कोणी खोकलं नाही!" तो पुटपुटला.

आणि तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की मामाही खोकले नव्हते.

ठरलेलं सगळं वाजवून झालं. मामी उठणार, तोच अंधारातून हळू आवाजात विनवणी आली. "वन्स मोअर..." ओरडून नव्हे. आजारी माणूस पाणी मागतो, तसं. मामांनी बायकोकडे पाहिलंच नाही. सॅक्सोफोन ओठांना लावला.

ते वाजवत असताना मामीचं लक्ष दिव्याच्या झोताकडे गेलं. थंडीनं तिच्या तोंडातून वाफ निघत होती. भाच्याच्या, लंबूच्याही. मामांची वाफ मात्र वर जात नव्हती. ती पातळ धाग्यासारखी लांबत लांबत रंगमंचावरून खाली, खुर्च्यांकडे जात होती. आणि खुर्च्यांवर... एवढी माणसं, पण एकाच्याही तोंडापुढे वाफ नव्हती. म्हातारीचे ओठ किंचित उघडे होते. शालीखालची छाती हलत नव्हती. धागा जवळ आला तशी ती पुढे झुकली. मागची रांगही झुकली.

मामीनं डोक्यावर टिचकी मारली. मामांचे डोळे मिटलेले. पुन्हा मारली. "अहो..."

उठायला हवं होतं. तिनं शब्द दिला होता. पण असं मामांनी आयुष्यात कधी वाजवलं नव्हतं! तरुणपणी ज्या सुरासाठी ते रात्र रात्र झुरले, तो त्यांना आज सहज सापडला होता. ती बायको होती, तशी त्यांची सगळ्यात जुनी श्रोताही होती. तिची बोटं पट्ट्यांवरून उठेनात. एकच आवर्तन, तिनं मनाशी म्हटलं. एवढं एकच ऐकते.

ते आवर्तन संपलं तेव्हा धागा जेमतेम दिसत होता.

मामीनं दोन्ही हात पट्ट्यांवरून उचलले आणि ती खोकली. मुद्दाम, मोठ्यांदा, भर सुरात.

सूर तुटला. सगळे चेहरे एकदम तिच्याकडे वळले. रागानं नव्हे. म्हातारीनं लगबगीनं शालीचं टोक स्वतःच्याच तोंडावर दाबलं, जणू खोकला तिलाच आला होता. दिवा लुकलुकला. पुन्हा नीट लागला तेव्हा खुर्च्या रिकाम्या होत्या आणि त्यांवर धुळीचा जाड थर होता.

"हे छातीचं इस्पितळ होतं," राखणदार कुलूप लावता लावता म्हणाला. "पेशंटांसाठी गाणंबजावणं व्हायचं. पण खोकल्यापायी बिचाऱ्यांना एक ओळ धड ऐकू येत नसे. म्हणून आता जपून ऐकतात."

उतरताना गाडीत मामा गुणगुणत होते. एकाही वळणावर खोकले नाहीत.

त्यानंतरही नाहीत. भूक लागू लागली, झोप लागू लागली. मामीनं देवाचे आभार मानले आणि त्या धाग्याचा विचार मनातून हट्टानं काढून टाकला. मग एका कडक थंडीच्या सकाळी ती त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. दवाखाना उघडायचा होता. दाराशी रांगेत माणसं हात चोळत उभी होती, आणि बोलता बोलता प्रत्येकाच्या तोंडातून वाफ निघत होती. मामीच्याही.

"अगं, सांगायचं राहिलं," मामा तिच्याकडे वळून म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर तरुणपणीचं हसू होतं. ओठांपुढची हवा स्वच्छ, कोरडी होती. "त्यांनी परत बोलावलंय. काय ऐकतात गं ती माणसं!"

मामीनं त्यांचा हात धरला. तो गार होता.

"फक्त या वेळी..." ते लाडीगोडीनं म्हणाले, "तू खोकू नकोस हं."