सोनबारीच्या पांढरीची माती

"ज्यांनी तो खड्डा उघडा टाकला, त्यांना झोप कशी लागते हे एकदा विचारायचंय मला," भिमाजी आप्पा म्हणाले आणि मेथीची जुडी बांधून बाजूला ठेवली.

रात्रीचे नऊ वाजून गेले होते. मखमलाबादच्या मळ्यात पत्र्याखाली एकच बल्ब जळत होता. सकाळच्या बाजारासाठी अजून बऱ्याच जुड्या व्हायच्या होत्या. ओम आणि राज हे दोघे पुतणे खाली माना घालून हात चालवत होते.

"कोणी टाकला, आप्पा?" ओमनं विचारलं.

"मोठे शिकलेले लोक होते. जुनी वस्ती शोधायला तीन हिवाळे खणलं, फोटो काढले, खोकी भरली आणि गेले. खड्डा बुजवायला तेवढा वेळ नव्हता त्यांना. भोगलं कोणी? माझ्या मावसभावानं, गेणूनं. राज, हसायचं असेल तर आत जाऊन हस. हे घडलेलं आहे."

राज हसायचा थांबला. आप्पा सांगू लागले.

साल दोन हजार तीन. एक फेब्रुवारी, शनिवार, पौषातली अमावस्या. गेणू सकाळीच टेम्पोत कांदा भरून विंचूरला गेला होता. माल उतरवून दुपारी निघाला. वाटेत सोनबारी लागते, त्याची सासुरवाडी. गाव छोटं, पण वेशीबाहेर पांढरीचं मोठं टेकाड. हजारो वर्षांपूर्वीची वस्ती तिथं होती. घरं पडली, पुन्हा बांधली, पुन्हा पडली, आणि सगळ्याची राखेसारखी भुसभुशीत माती झाली. आपल्याकडे पांढरीची माती म्हणजे फुकटचं खत. पणजोबांच्या काळापासून लोक गाड्या भरभरून नेत आलेत. गेणूला झेंडूच्या रोपांसाठी वाफा करायचा होता. रिकामा टेम्पो घरी कशाला न्यायचा?

टेकाडावर चिमाजी राखणदार बिडी ओढत बसला होता. खणणाऱ्यांच्या हाताखाली त्यानं तिन्ही हिवाळे काम केलेलं.

"दाजी, वरची न्या. खड्ड्यातली नको."

"का रं? खड्ड्यातली जास्त गोड हाय का?"

"थट्टा नाय. तिथं घरं होती. लेकरू गेलं की ती माणसं घरातच पुरायची, दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून. अन् मोठं माणूस गेलं की त्याचे पाय घोट्यातून तोडून पुरायची. साहेब म्हणायचे, मेलेल्यानं घर सोडून जाऊ नये म्हणून."

"मग बरंच हाय की! पायच नाय तर मागं येतंय कोण?"

गेणू खड्ड्यात उतरला. माती तिथं मोकळी होती, फावडं सहज जात होतं. एकदा खट्‌ असा आवाज झाला. मडकी होती. दोन, तोंडाला तोंड लावून. फावड्यानं फुटली. आत माती, आणि पाखराच्या असाव्यात तशा बारीक काड्या. गेणू क्षणभर थांबला. मग खापऱ्या बाजूला फेकल्या, आणि माती... माती टेम्पोत गेली.

संध्याकाळी घरासमोर वाफा केला. माती दाताळ्यानं सारखी पसरली. पाणी दिलं. घरात बायको उज्वला आणि आठ महिन्यांची सृष्टी. सृष्टीची झोळी पुढच्या खोलीत आढ्याला टांगलेली. लग्नानंतर सात वर्षांनी झालेली पोर. गेणू टेम्पोचा हॉर्नसुद्धा हळू वाजवायचा.

रात्री अडीचला शेतीची लाइट आली. गेणू उठला, वाफ्यापलीकडच्या विहिरीवर गेला, मोटार चालू करायला. बटणावर हात ठेवला, आणि ऐकलं.

धप...

मुसळ जमिनीवर टेकावं तसं.

धप... धप...

विहिरीवरच्या बल्बच्या उजेडात दिसलं, वाफ्यात कोणीतरी होतं. एक बाई. उभी होती, पण ठेंगणी वाटत होती. पाय जमिनीत रुतावेत तशी. मग ती बसली. दोन्ही हातांनी माती चाळू लागली. काहीतरी उचलायची, ओच्यात ठेवायची. पुन्हा चाळायची. ओचा चाचपायची. पुन्हा चाळायची.

गेणूला कळलं ती काय शोधतेय. हेही कळलं की ते तिला पुरतं सापडणार नाही. त्यानंच पसरलं होतं. वाफाभर. दाताळ्यानं.

सांगावंसं वाटलं. माफी मागावीशी वाटली. जीभ हलेना. हात बटणावरून निघेना.

तेवढ्यात घरात सृष्टी रडली.

बाईनं मान वर केली.

...

ओच्यातलं सगळं तिनं खाली सोडलं. उठली.

धप. धप. धप.

दाराकडं.

गेणूनं ओरडायला तोंड उघडलं. नुसती हवा निघाली. दार कसं उघडलं ते दिसलं नाही. झोळीची दोरी करकरली. एकदा. दोनदा.

सृष्टीचं रडणं थांबलं.

किती वेळ गेला, त्याला सांगता आलं नाही. पाय सुटले तेव्हा तो धावत आत गेला. उज्वला गाढ झोपेत. सृष्टीही झोपलेली, गालावर हसू. झोळी अजून हलत होती.

उजाडल्यावर सगळ्यांनी पाहिलं. वाफ्यापासून उंबऱ्यापर्यंत, उंबऱ्यापासून सारवलेल्या जमिनीवरून झोळीपर्यंत, जोडीजोडीनं गोल खळगे. बोटं नाहीत, टाच नाही. जाणारे होते. परत येणारा एकही नव्हता.

गेणूनं सगळी माती गोण्यांत भरली, सोनबारीला नेऊन खड्ड्यात ओतली. चिमाजी खड्ड्याच्या कडेला आला. "माती दिलीत, दाजी," तो म्हणाला. "मडकं कुठनं द्याल?"

गेणू घरी आला. उज्वलानं तोवर जमीन सारवली होती. खळगे बुजवले होते. वाळलेल्या सारवणात झोळीखाली दोन खळगे पुन्हा उमटले होते. आतल्या कडा ओल्या.

गेणू म्हणाला, "घर सोडू. आज सोडू. तिला काढायचं कसं, तेवढं तरी कोणी सांगा!"

शेजारची म्हातारी बायडाबाई दारात उभी होती. तिनं खळग्यांकडं पाहिलं, झोळीकडं पाहिलं, आणि पदर तोंडाला लावून हळूच म्हणाली, "चालत आली तेवढंच लय झालं, बाबा. पाय नायत तिला. आता कुठं जाईल ती?"