शेवटच्या डब्याचं वजन

ही गोष्ट खरी आहे.

असं सगळेच म्हणतात, ठाऊक आहे मला. पण ही माझ्या सख्ख्या मावशीच्या घरात घडलेली गोष्ट आहे, आणि मावशीला थाप मारता येत नाही. पत्ते खेळतानासुद्धा तिच्या चेहऱ्यावरून समोरच्याला तिची पानं कळतात.

आणि अमावस्या, मध्यरात्र, ओसाड बंगला असलं काही शोधत असाल तर ते इथे नाही.

हे घडलं भर दुपारी. जेवणं झालेली, भांडी निथळत ठेवलेली, गल्लीत चिटपाखरू नाही... अशा एका दुपारी. उन्हाळा नुकता सरला होता. भिंतीला भिंत लागून घरं असलेल्या साध्या वसाहतीत, स्वयंपाकघरामागच्या परसात.

घरात माणसं तीन. मावशी एका बेकरीत पहाटेच्या पाळीला जाते आणि दुपारी कोपरापर्यंत पीठ घेऊन परत येते. काका म्हणजे तिचे यजमान. सगळी नोकरी लेथ मशीनवर गेली, निवृत्त झाले आणि हातांना काम उरलं नाही. आणि वरच्या मजल्यावर काकांची थोरली बहीण. मावशी त्यांना वन्सं म्हणते, म्हणून आम्ही पोरंसोरंही वन्संच म्हणायला लागलो. वन्सं इस्पितळात मेट्रन होत्या. अजूनही घरात सगळ्यांना पेशंट समजून बोलतात.

निवृत्तीनंतर काकांनी एक खूळ डोक्यात घेतलं. परसात रेल्वे बांधायची.

खेळण्यातली नव्हे. वर बसता येईल अशी.

वन्संनी वरच्या गॅलरीतून निकाल दिला, “म्हातारचळ!”

पण काका हट्टाला पेटले. लोखंडी पट्ट्या आणून वीतभर अंतराचे रूळ बसवले. खाली लाकडी स्लीपर, स्लीपरखाली खडी. इंजिन दिसायला वाफेचं, पोटात मात्र बॅटरी आणि मोटर. मागे दोन डबे, म्हणजे चाकांवरची लांब बाकंच, दोन्हीकडे पाय सोडून बसायची. त्यांना मोटारसायकलच्या जुन्या स्प्रिंगा लावल्या. स्वयंपाकघराच्या पायरीशी फलाट. तिथून गाडी निघायची, बाजूच्या भिंतीकडेनं जायची, बोगद्यात शिरायची, मागच्या भिंतीच्या कोपऱ्यात वळायची आणि सरळ परत फलाटावर.

बोगदा म्हणजे तरी काय? मोठे सिमेंटचे पाइप अर्धे कापून ठेवले, वर परसातलीच माती खणून ढिगारा घातला. वाकून या तोंडातून पाहिलं की त्या तोंडाचा उजेड दिसायचा. एवढाच तो.

आणि आधीच सांगते, कारण सगळे तेच विचारतात. खणताना काही सापडलं नव्हतं. हाड नाही, मडकं नाही, काही नाही. नुसती माती.

पहिल्या दिवशी मावशी गाऊन सावरत डब्यावर बसली आणि हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. वन्संही खाली उतरल्या. बसल्या नाहीत, पण उतरल्या.

काही दिवस मजेत गेले.

मग काकांना इंजिनाचा आवाज खटकायला लागला.

जाताना ठीक चालायचं. बोगद्यातून बाहेर आलं की मात्र कण्हायला लागायचं. चढावर माल ओढावा तसं.

पण तिथे चढ नव्हता.

काकांनी बॅटरी तपासली, चाकांना ग्रीस लावलं, लेव्हल लावून रुळांची पातळी पाहिली. सगळं ठाकठीक. तरी बोगद्यानंतर इंजिन कण्हायचं, आणि मागचा कोपरा ओलांडला की... पुन्हा मोकळं.

“तुमच्यासारखंच आहे ते,” मावशी म्हणाली. “अर्ध्या कामात दमतं.”

तिनं ते हसण्यावारी नेलं. पण एका दुपारी ती खिडकीशी ओटा पुसत होती. काका पुढच्या डब्यावर बसून फेरी मारत होते. मागचा डबा रिकामा होता.

गाडी बोगद्यात शिरली.

बाहेर आली...

मागच्या डब्याच्या स्प्रिंगा दबलेल्या होत्या.

मावशीच्या हातातलं फडकं थांबलं. कोणी बसल्यावर डबा जसा खाली बसतो, तसा तो बसला होता. आणि वर कोणीही नव्हतं.

गाडी कोपऱ्यात वळली. टक्... असा आवाज आला आणि डबा वर उचलला गेला.

दुसऱ्या फेरीला पुन्हा तेच. बोगद्यानंतर खाली. कोपऱ्यात... टक्. वर.

मावशीच्या मनात पहिल्यांदा भूत आलंच नाही. तिच्या मनात नवरा आला. लेथवरचा माणूस, कसलीतरी तार-बीर जोडली असणार. वन्संना घाबरवायला. नाहीतर आपल्याला.

“अहो, खरं सांगा. हे तुमचे उद्योग आहेत ना?”

“कसले?”

“डबा दबतो तो.”

काकांचा चेहरा उतरला. म्हणजे त्यांनीही पाहिलं होतं, आणि बोलले नव्हते. ते हळूच वर गॅलरीकडे बघत म्हणाले, “मला ताईचा संशय आहे. तिला पहिल्यापासून ही गाडी नको आहे. बोगद्यात काहीतरी करून ठेवलंय तिनं.”

संशय म्हणजे पाण्यात पडलेला तेलाचा थेंब. बघता बघता पसरतो. वन्संच्या कानावर ते गेलंच. त्या तडक खाली आल्या.

“मी? या गुडघ्यांनी मी बोगद्यात शिरणार? अरे, सरळ सांग ना, वरची खोली रिकामी करून हवी आहे म्हणून! त्यासाठी ही नाटकं कशाला?”

“ताई, कोण म्हणालं असं?”

“म्हणायला कशाला लागतं? मला कळतं. दुपारी तुम्ही दोघं झोपलात की खाली कोणीतरी वावरत असतं. परसात. खडीवर पाय वाजतात. मी वरून हाक मारली तर ओ द्यायची नाही, एवढं ठरवून टाकलंय तुम्ही!”

मावशीनं काकांकडे पाहिलं.

कारण दुपारी ते दोघं खरोखरच झोपायचे. गाढ.

त्या रात्री वन्सं जेवायला खाली आल्या नाहीत. सकाळी त्यांनी माळ्यावरची बॅग काढली. एका छपराखाली म्हातारपण काढायचं ठरवलेली भावंडं, एका खेळण्यापायी एकमेकांचं तोंड बघेनात. मावशीला ते सहन होईना.

म्हणून तिनंच ठरवलं. सोक्षमोक्ष लावायचा.

बेकरीतून तिनं पिशवीभर बारीक मैदा आणला. दुपारी वन्संना हाताला धरून परसात आणलं. मागच्या डब्याच्या बाकावर चाळणीनं मैद्याचा पातळ थर दिला. कोणी दगड ठेवो, दोरी बांधो, हात लावो, खूण उमटणारच.

“आता गाडी रिकामी सोडायची,” ती म्हणाली. “अहो, तुम्ही फलाटावर थांबा. सोडा तिथून आणि आली की तिथेच थांबवा. वन्सं, तुम्ही बोगद्याच्या या तोंडाशी. मी मागच्या कोपऱ्यात उभी राहते. तिघं एकमेकांच्या नजरेसमोर. मग बघू कोण काय करतं.”

बेत पक्का होता. निदान तिला तेव्हा तसं वाटलं.

मावशी कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून उभी राहिली. जिथे दर फेरीला ते टक् व्हायचं, बरोबर तिथे.

काकांनी स्विच ओढला. गाडी संथपणे निघाली. भिंतीकडेनं येऊ लागली.

वन्संनी गुडघ्यावर हात ठेवून बोगद्यात डोकावलं.

“काही नाही,” त्या म्हणाल्या. “पलीकडचा उजेड दिसतोय.”

मग म्हणाल्या, “थांब...”

गाडी अजून बोगद्यापाशी पोचायची होती.

“अगं, उजेड कुठे गेला?”

मावशी पलीकडच्या बाजूला होती. तिला बोगद्याचं दुसरं तोंड स्वच्छ दिसत होतं. त्याच्यासमोर काही नव्हतं. ऊन थेट आत पडत होतं.

“थांबव! अरे, थांबव गाडी! आत कोणीतरी आहे!” वन्सं ओरडल्या.

पण काका लांब फलाटावर. स्विच इंजिनावर. ते धावेपर्यंत गाडी आत शिरली.

चाकांचा आवाज घुमला...

मधेच क्षणभर मंदावला. स्टेशन आल्यासारखा.

मग पुन्हा सुरू झाला, पण जड.

इंजिन कण्हत बाहेर आलं. पुढचा डबा आला. मागचा डबा आला. स्प्रिंगा पार दबलेल्या.

मावशी हलली नाही. तिला हलता आलंच नाही, असं ती म्हणते. डबा तिच्यापासून हातभर अंतरावरून गेला. वर काही नव्हतं. वास नाही, गारवा नाही, वाऱ्याची झुळूकसुद्धा नाही. आणि तिला एवढंच जाणवलं की आपल्याकडे बघितलं जातंय. गाडीतला माणूस फलाटावरच्या माणसाकडे बघत जातो ना... तसं.

ती टक्ची वाट बघत राहिली.

टक् झालंच नाही.

डबा तसाच दबलेला... कोपरा ओलांडून पुढे गेला. घराच्या दिशेनं.

मावशीच्या डोक्यात तेव्हा लख्ख प्रकाश पडला. रोज उतरायची जागा हीच होती. आणि आज तिथे ती वाट अडवून उभी होती.

“अहो! दार! दार लावा!”

काकांना कळलंच नाही. त्यांनी गाडी फलाटाला लागल्यावर स्विच बंद केला. सगळं शांत झालं.

मग...

टक्.

डबा वर उचलला गेला.

काकांच्या मागे स्वयंपाकघराचं दार सताड उघडं होतं.

काकांना काही जाणवलं नाही. अंगाला वारा लागला नाही, सावली दिसली नाही, काहीच नाही. मावशीला हेच सगळ्यात जास्त खुपतं.

तिघंही डब्याभोवती जमली. मैदा मधोमध दाबला गेला होता. चापून बसलेला, गुळगुळीत. आणि नीट वाकून पाहिल्यावर त्यावर जाड्याभरड्या कापडाची वीण उमटलेली दिसत होती. उभे धागे, आडवे धागे.

आयुष्यभर इस्पितळात मरणं पाहिलेल्या वन्सं. त्यांनी मावशीचा दंड घट्ट धरला.

“ते तिथे वाकून उभं होतं गं,” त्या म्हणाल्या. “वाट बघत.”

त्यांची बॅग पुन्हा माळ्यावर गेली. आता त्या एकट्या वर जाईनात.

काकांनी रूळ उखडले. पाइप फोडले, ढिगारा सपाट केला. इंजिन सुटं करून त्याचे भाग भंगारवाल्याला देऊन टाकले. सगळ्यांना हायसं वाटलं.

पण घरात एक नवीनच सवय सुरू झाली होती. मावशीला शेजारच्या खोलीत चाहूल लागायची, तिला वाटायचं वन्सं आहेत. वन्संना लागायची, त्यांना वाटायचं काका आहेत. काका समजायचे मावशी बेकरीतून लवकर आली. कोणी कोणाला विचारलं नाही. पुन्हा संशयाचं भांडण नको, म्हणून.

मग एकदा तिघं टेबलाशी जेवत बसली होती. समोरासमोर. कोणी कोणाला भाजी वाढत होतं.

आणि आतल्या खोलीत... खाटेवर कोणीतरी कूस बदलली.

तिघांनीही ऐकलं. तिघांनीही एकमेकांकडे पाहिलं. आणि मग, मावशी सांगते, तिघांनीही खाली मान घालून जेवण संपवलं.

“चूक माझी झाली,” काका मला म्हणाले. “मी रूळ उखडायला नको होते. आलं ते गाडीनं आलं ना? परत जायचं कसं त्यानं? मी पुन्हा टाकतो रूळ. एक फेरी फक्त.”

“आणि ती फेरी येताना रिकामी येईल, हे कशावरून?” मावशीनं विचारलं.

 

यावर त्यांचं अजून एकमत झालेलं नाही. तोवर मावशीनं आपल्यापुरता एक मार्ग काढलाय. मागचं दार ती बंद करत नाही. थंडी असो, पाऊस असो. पाऊस आत येतो, मांजरं येतात, एकदा चोर येऊन पातेली घेऊन गेला. तरी दार उघडं.

मागच्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेले होते. संध्याकाळी गार वारा सुटला, म्हणून मी सहज उठून दार लोटायला गेले.

“राहू दे,” वन्सं बसल्या जागेवरून म्हणाल्या. आवाज मेट्रनचाच होता, पण हळू. “उघडंच राहू दे.”

मी तशीच दारात थांबले. समोर परस होतं, सपाट, रिकामं. मागे घर होतं. मागे वळून बघायची हिंमत मला झाली नाही.

मग माझ्या लक्षात आलं, आपण दाराच्या बरोबर मधे उभ्या आहोत.

मी अंग चोरून बाजूला झाले. चौकटीला पाठ लावून, श्वास रोखून, बराच वेळ तशीच उभी राहिले... कोणाला जायचं असेल तर जाऊ दे म्हणून.

कोणी गेलं का, ते मला सांगता येणार नाही.