पत्र्यावरची नेल्त्ये

आमचं घर हॉलंडमधल्या हार्लेमला, कालव्याच्या काठी. नवरा यूस्ट तांब्याच्या पत्र्यावर चित्रं कोरायचा आणि छपाई माझ्याकडे. पत्र्यावर शाई चोपडायची, जादाची तळहाताने पुसायची, वर ओला कागद ठेवून यंत्राचं चाक ओढायचं. त्या सोमवारीही मी नेहमीसारखी कागद भिजवायला बसले होते.

चित्र आमच्याच स्वयंपाकघराचं होतं. आमची आठ वर्षांची लेक नेल्त्ये माझ्या मांडीवर डोकं टेकून बसलीय आणि मी फणीने तिच्या उवा काढतेय. फरशीवर सकाळचं ऊन पडलंय. लोकांना असलं घरगुती काहीतरी फार आवडतं. जत्रेसाठी तीनशे छापायची होती.

दोनशेच्या पुढे पत्रा झिजतो, बारीक रेघा आधी जातात. चित्रातला नेल्त्येचा चेहरा पुसट यायला लागला. त्याच दुपारी तिला पेज भरवताना बघते, तर पोरीला भुवयाच नाहीत. ताप नाही, खोकला नाही. मंगळवारी आणखी चाळीस छापली, आणि संध्याकाळी तिचा आवाज भिंतीपलीकडून आल्यासारखा यायला लागला.

यूस्टला सांगितलं, तर म्हणतो कसा, शाईचा वास डोक्यात गेलाय तुझ्या. रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी त्याचं मनगट धरून ओढतच स्वयंपाकघरात नेलं. नेल्त्ये खिडकीपाशी उभी होती. तिच्या गालातून खिडकीची चौकट दिसत होती.

मीच त्याच्या हातात कोरणी दिली.

"रेघा खोल कर. तिच्या सगळ्या."

"आणि हात चुकला तर..."

"नुसता बसलास तर ती जाईल, यूस्ट. कर."

तो पलीकडच्या खोलीत पत्र्यावर वाकला. मी पोरीला मांडीवर घेतलं, चित्रात होती तशीच, आणि तिचं मन रमावं म्हणून फणी फिरवत राहिले. भिंतीतून तांबं खरवडल्याचा आवाज येत होता. प्रत्येक आवाजाला ती शहारायची.

"आई... कुणीतरी लिहितंय गं माझ्यावर."

मी तिला घट्ट धरलं. देवा, मला ने पण हिला ठेव, एवढंच म्हणत होते. मग हळूहळू भुवया उमटल्या. ओठ लाल झाले. मांडीवर तिचं वजन आलं, चांगलं भरभक्कम. चर्चमध्ये दहाचे ठोके पडत होते आणि मी ढसाढसा रडत होते.

यूस्टला हाक मारली. तो धावत उंबऱ्यात आला, तिथे कुणीच नसल्यासारखी आमच्या अंगावरून नजर फिरवली, टेबलाखाली वाकून पाहिलं. "लायसबेट? अगं, कुठे गेलात दोघी?" मी जिवाच्या आकांताने ओरडले. तो कोट उचलून कालव्याकडे पळाला.

त्यालाही आता बरेच दिवस झाले असावेत. बाहेर संध्याकाळची घंटा होते, पहारेकरी ओरडत जातो, पुन्हा कोंबडा आरवतो. आमच्या फरशीवरचं दहाचं ऊन मात्र, चित्रातल्या उन्हासारखं, जागचं हललेलं नाही. उठायला जाते, तर पाय उठत नाहीत. फणीही थांबत नाही.

पोर बरी आहे. मऊ आहे, ऊबदार आहे. फक्त अधूनमधून विचारते, "आई, आज रात्र कधी होणार?"

होईल हं, म्हणते मी, आणि तिचे केस पुन्हा विंचरायला घेते.